मेपलच्या रसाचं आरओ मशीन: साबण लावण्याआधी आकडा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये एका मराठी जोडप्याने घराबरोबर मेपलचं रान घेतलं. साधारण ६०० टॅप, म्हणजे रस काढायला झाडांना बसवलेल्या तोट्या, आणि सोबत आधीच्या मालकाचं जुनं आरओ, रस उकळून सिरप करण्याआधी त्यातलं पाणी काढणारं. त्यात चार इंची दोन मेम्ब्रेन, म्हणजे पाणी पार करून साखर अडवणारे पडदे. पहिल्या हंगामात फेब्रुवारीअखेर मशीन झकास चाललं, पण मार्च संपता संपता वेग निम्म्यावर आला. अशी मशीनं विकणारा म्हणाला, रोज साबणाने धुवा. शेजारचे आजोबा म्हणाले, साबणानेच मेम्ब्रेन मरतं, नुसतं पाणी फिरवा. खरं कोणाचं? आणि एप्रिलनंतर पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ते मेम्ब्रेन ठेवायचं कशात?

दोघांचंही अर्धंच खरं आहे. पाणी दरवेळी फिरवायचं. साबण मात्र वार बघून लावायचा नाही आणि भीतीपोटी टाळायचाही नाही, मशीनचा आकडा, म्हणजे तासाला किती पाणी पार होतं ते, बघून लावायचा. मी व्हरमाँटला येण्याआधी पुण्याजवळ भोसरीत कारखान्यांच्या पाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवर होतो. तिथलं मेम्ब्रेन आणि इथलं मेम्ब्रेन एकाच जातीचं, पॉलिअमाइडचा पातळ थर असलेलं, गुंडाळी केलेलं. मरण्याची कारणंही तीच. रसाने मेलेलं मेम्ब्रेन मी क्वचित पाहिलं आहे. बहुतेक मेम्ब्रेन क्लोरीन, गोठणं किंवा चुकीच्या धुलाईने जातात.

आधी एक फरक लक्षात घ्या. घरच्या आरओत मेम्ब्रेनमधून पार झालेलं पाणी आपण पितो आणि अडलेलं मोरीत सोडतो. इथे अडलेला भाग हाच माल. २ टक्के साखरेचा रस ८ टक्क्यांवर नेला की चारातले तीन हिस्से पाणी भट्टीवर चढण्याआधीच निघून गेलेलं असतं, लाकूड आणि वेळ दोन्ही वाचतात. पण साखरेबरोबर झाडाची खनिजं, यीस्ट, जंतू आणि त्यांनी तयार केलेला बुळबुळीत चिकटा हेही आपण दाट करत असतो, आणि ते मेम्ब्रेनच्या अंगाला बसतं. घरचा आरओवाला सहा महिन्यांनी येऊन जातो तसं इथे चालत नाही. इथे धुलाई रोजच्या कामाचाच भाग आहे.

आता तुमचा निम्मा वेग. रस जितका गार, तितकं मेम्ब्रेन सावकाश चालतं. मार्चअखेर रस फेब्रुवारीपेक्षा कोमट असतो, शिवाय हंगाम सरताना साखर सहसा थोडी उतरते, म्हणजे मेम्ब्रेनला कमी झगडावं लागतं. या दोन्ही गोष्टींनी वेग वाढायला हवा होता. तो निम्म्यावर आला म्हणजे काहीतरी खरंच तुंबलं आहे. मात्र लगेच मेम्ब्रेनवर आळ घेऊ नका. आधी ५ मायक्रॉनच्या प्रीफिल्टरच्या, म्हणजे मेम्ब्रेनआधी कचरा अडवणाऱ्या फिल्टरच्या, अलीकडचा आणि पलीकडचा दाबाचा गेज बघा. दोन्हींत १० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास फरक पडला असेल तर फिल्टर बदला आणि मग बोला. हंगामाच्या शेवटी फिल्टरचं एकेक काडतूस काही तासांतच शेवाळल्यासारखं होतं. डझनभर काडतुसं आधीच आणून ठेवलेली बरी, कारण रस जोरात वाहतो त्या रविवारी दुकान बंद असतं.

प्रीफिल्टर ठीक असेल तर शुद्ध पाण्याची चाचणी घ्या. रस चालू असताना दिसणारा वेग तुलनेला उपयोगाचा नाही, कारण साखरेचा स्वतःचा उलटा दाब असतो. ८ टक्क्यांच्या रसात तो सुमारे ८० पीएसआय भरतो, २ टक्क्यांच्या रसात साधारण २०. रोज रस वेगळा, म्हणून रोज आकडा वेगळा. पाण्यात ती भानगड नाही. मशीन रसापासून पूर्ण धुऊन घ्या, टाकीत पर्मिएट म्हणजे मेम्ब्रेनमधून पार झालेलं पाणी भरा, ठरलेल्या दाबावर आणि व्हॉल्व्हच्या ठरलेल्या जागेवर मशीन चालवा आणि तासाला किती लिटर पाणी पार होतं ते लिहा. इथल्या प्रथेप्रमाणे ही चाचणी ५५ फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम १३ अंश सेल्सियसला घेतात. तापमानाचा आग्रह उगाच नाही. तेच मेम्ब्रेन ४–५ अंशांच्या पाण्यावर तपासलं तर आकडा जवळपास पाव हिस्सा कमी येतो, आणि माणूस निरोगी मेम्ब्रेनला साबण पाजत बसतो. पाणी नेमकं १३ अंशांवर आणता आलं नाही तर दर अंशामागे ३ टक्के धरून हिशेब करा.

समजा नवं किंवा नुकतं नीट धुतलेलं असताना तुमचं मशीन तासाला ५०० लिटर देत होतं. ४७० आलं तर नुसतं पाणी फिरवून पुढे जा. ४४० च्या खाली गेलं, म्हणजे १०–१५ टक्क्यांची घट दिसली, की साबण. ३०० वर जाईपर्यंत थांबलात तर थर घट्ट होतो आणि मग एका धुलाईत तो सुटत नाही. हंगामाच्या सुरुवातीला रस गार आणि स्वच्छ असतो, तेव्हा दोन साबणांमध्ये बरेच दिवस जातात. एप्रिल लागला, रस गढूळला, की रोज संध्याकाळी साबण लागतो. विकणारा आणि आजोबा दोघेही बरोबर वाटतात ते यामुळेच. एक एप्रिलबद्दल बोलतोय, दुसरा फेब्रुवारीबद्दल. जुनं मशीन घेतलंत, त्यामुळे मूळ आकडा तुमच्याकडे नसेल. मेम्ब्रेनवर नंबर असतो, त्यावरून विक्रेत्याकडे नव्या मेम्ब्रेनचा आकडा मिळतो. तोही नाही मिळाला तर कसून धुतल्यावर जो येईल तो तुमचा मूळ आकडा. भिंतीवर पेन्सिलने लिहा, वहीवर रस सांडतो.

रोजच्या पाणी फिरवण्याबद्दल थोडं. काम संपलं की पंधरा मिनिटांच्या आत सुरू करा. आतला दाट रस तसाच राहिला तर पहाटेपर्यंत जंतूंची जत्रा भरते. उच्च दाबाचा व्हॉल्व्ह पूर्ण मोकळा करून पर्मिएट आत सोडा आणि बाहेर येणारं सगळं पहिली काही मिनिटं टाकीत घ्या, तो साखरेचा रस आहे, वाया घालवू नका. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे साखरेचं प्रमाण दाखवणारा मापक, शून्यावर आला की मग गटारात. या कामासाठी पर्मिएट राखून ठेवणं हे अर्धं मेंटेनन्स आहे. चांगल्या दिवशी ६०० टॅपांतून २४०० लिटर रस आला आणि तुम्ही तो ८ टक्क्यांवर नेला तर १८०० लिटर पर्मिएट निघतं. लोक ते सगळं झाडाखाली सोडून देतात आणि रात्री धुवायला विहिरीचं पाणी ओढतात. निदान ५००–६०० लिटर स्वच्छ टाकीत झाकून ठेवा, जास्त जागा असेल तर जास्त ठेवा.

विहिरीच्या पाण्यात लोह आणि कॅल्शियम असतं. धुता धुता तुम्ही नवा थर चढवता. गावच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते त्याहून वाईट. पॉलिअमाइडला क्लोरीनचं वावडं आहे, लिटरला ०.१ मिलिग्रॅम हीच उत्पादकांनी घातलेली मर्यादा. क्लोरीनने थर तुंबत नाही, कुरतडला जातो, आणि ते भरून येत नाही. टाक्या किंवा नळ्या ब्लीचने धुत असाल तर पुढचा पहिला रस आरओकडे वळवू नका. निदान मी तरी वळवत नाही.

साबण म्हणजे नेमकं काय, इथे गोंधळ होतो. आरओचा साबण मुख्यतः कॉस्टिक सोडा आणि जोडीला खनिजं पकडून ठेवणारे घटक असा असतो. मेम्ब्रेन बनवणाऱ्याने किंवा मशीनवाल्याने सांगितलेलाच घ्या. भांड्यांचा लिक्विड, कपड्यांची पावडर, डेअरीतला कुठला तरी डबा, यातलं काही नको. काही डिटर्जंट मेम्ब्रेनला असे चिकटतात की नंतर कशानेही सुटत नाहीत. चष्मा आणि लांब हातमोजे घालूनच कामाला लागा. आधी टाकीत पर्मिएट, मग त्यात साबण, उलटं कधी नाही. डब्यावरच्या प्रमाणाने घाला आणि पीएच बघा. साबणाच्या पाण्याचा पीएच ११ च्या आसपास असतो. ११ वरून १२ वर जाणं म्हणजे दहापट तीव्रता, तेव्हा 'जरा जास्त घातला तर जास्त स्वच्छ' हा विचार इथे करू नये.

ऊब महत्त्वाची. थंड साबण काम करत नाही. ४० अंशांच्या आसपास तो खरा सुटतो, आणि ४५ ही लक्ष्मणरेषा समजा. वेगळा हीटर बहुधा लागत नाही. बंद फेऱ्यात पाणी फिरवलं की पंपाच्या घर्षणानेच ते तापत जातं. ही सोय आहे तसा धोकाही आहे. छोट्या मशीनमध्ये पाणी कमी असतं, आणि तुम्ही कढईकडे वळलात की तापमान ४५ ओलांडून जातं. धुलाई चालू असताना थर्मामीटरसमोरून हलू नका. दाब मात्र अगदी कमी, व्हॉल्व्ह मोकळा. दाब दिला तर साबणाचं पाणी मेम्ब्रेनमधून पार जाऊ पाहतं आणि सुटलेली घाण पुन्हा दाबून बसवतं. आपल्याला ती घाण पृष्ठभागावरून वेगाने घासून न्यायची आहे.

पहिल्या पाच-दहा मिनिटांत बादलीत काय येतं ते एकदा निरखून बघा. सुरुवातीला पाणी जवळजवळ स्वच्छ, मग हळूहळू फिक्या चहासारखं, वर मळकट फेस, आणि आंबलेल्या कणकेसारखा वास. एप्रिलमध्ये त्यात जेलीसारखे दोरेही दिसतात. फारच गडद झालं तर ते पाणी काढून टाका आणि नव्या साबणाने सुरू करा, घाण पाणी फिरवत बसण्यात अर्थ नाही. साधारण पाऊण तास फिरवा, तासभर बंद ठेवून भिजू द्या, पुन्हा थोडं फिरवा. भिजण्याचा वेळ लोक वाचवतात, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त काम करतो.

मग पाणी मारणं. हा मुद्दा मेम्ब्रेनपेक्षा खाणाऱ्याच्या पोटाचा आहे. सिरपमध्ये साबण उतरला तर फेस येतो, चव बिघडते आणि माल विकायच्या लायकीचा राहत नाही. पीएचची पट्टी चांगली, पण पर्मिएटमध्ये क्षार जवळजवळ नसल्याने तिचा आणि मीटरचाही आकडा डळमळतो. मी सोबत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारं पेन वापरतो, तेच जे भारतात आरओवाला स्वयंपाकघरात खिशातून काढून दाखवतो. आत जाणाऱ्या पर्मिएटचा टीडीएस आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस सारखा आला, आणि तो दोन्ही तोंडांना, म्हणजे दाट रस जिथून निघतो तिथे आणि पर्मिएटच्या नळीलाही, की साबण गेला. पर्मिएटची नळी तपासायला बहुतेक जण विसरतात. साबणाचा काही अंश त्या बाजूलाही गेलेला असतो, आणि तेच पाणी तुम्ही उद्या धुवायला वापरणार असता. धुलाईचं पाणी ओढ्यात किंवा सेप्टिक टँकमध्ये सोडू नका. सायट्रिक ॲसिडने पीएच सातच्या आसपास आणून, तुमच्या राज्याचे नियम बघून, पाण्यापासून लांब जमिनीवर पसरा.

साबणानंतरही आकडा मूळच्या ९० टक्क्यांच्या पुढे येत नसेल तर ॲसिड. कढईत तळाशी जी वाळू बसते, कॅल्शियम मॅलेट, जिला इथे शुगर सँड किंवा नायटर म्हणतात, तिच्या जातीची खनिजं थोडीफार मेम्ब्रेनवरही बसतात आणि साबणाला दाद देत नाहीत. पर्मिएटमध्ये २ टक्के सायट्रिक ॲसिड, लिटरला २० ग्रॅम, तेवढं पुरतं. पीएच २ च्या खाली नको. क्रम महत्त्वाचा: आधी साबण, मधे भरपूर पाणी, मग ॲसिड. उलट केलंत तर ॲसिडने सेंद्रिय चिकटा आकसून घट्ट बसतो. ॲसिड ब्लीचजवळ तर अजिबात नेऊ नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. हंगामात एक-दोनदा आणि शेवटी एकदा, यापेक्षा ॲसिडची गरज सहसा पडत नाही.

आकडा कमी होणं हा एक आजार, आकडा अचानक वाढणं हा दुसरा. पर्मिएट भरभर यायला लागलं म्हणून खूश होऊ नका. त्यात रिफ्रॅक्टोमीटर बुडवा. ०.१ किंवा ०.२ जरी दिसलं तरी साखर निसटते आहे. दोन्ही हाउसिंगच्या, म्हणजे मेम्ब्रेन बसवलेल्या नळकांड्यांच्या, पर्मिएटच्या नळ्या वेगवेगळ्या करून टीडीएस घ्या. साखर पेनला दिसत नाही, पण तिच्यासोबत निसटणारं पोटॅशियम-कॅल्शियम दिसतं. एका हाउसिंगचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर चोर सापडला. बऱ्याचदा मेम्ब्रेन धडधाकट असतं आणि टोकाच्या जोडनळीवरची ओ-रिंग चिरलेली किंवा वळलेली असते. ओ-रिंगला ग्लिसरीन किंवा खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन लावाल तर रबर फुगतं. मेम्ब्रेन बाहेर काढलंच आहे तर एका टोकाला असलेली रुंद रबरी कड, ब्राइन सील, तीही बघा. तिची ओठासारखी बाजू रस येतो त्या दिशेला उघडी हवी. उलटी बसली तर रस मेम्ब्रेनमधून जाण्याऐवजी बाजूने पळतो आणि आतली धुलाईही धड होत नाही.

पंपाबद्दल एवढंच: कोरडा चालू देऊ नका. कमी दाबाला मशीन बंद करणारा स्विच कोणी बायपास करून निकामी केला आहे का ते बघा, जुन्या मशीनमध्ये हा उद्योग झालेला असतो. फिल्टर बदलल्यावर हवा काढून मगच उच्च दाबाचा पंप लावा, आणि व्हॉल्व्ह हळूहळू बंद करा. एकदम दाब आला तर मेम्ब्रेनची गुंडाळी दुर्बिणीसारखी सरकून बाहेर येते.

आणि गोठणं. मार्चमध्ये दिवसा ५ अंश, रात्री उणे १०, हीच तर रस वाहण्याची हवा. तीच मशीनला घातक. आरओची खोली वेगळी, छोटी, उबदार आणि तिथे थर्मोस्टॅटचा हीटर, यावर पैसे वाचवू नका. वीज जाते त्या रात्रीसाठी पंप आणि नळ्या रिकाम्या करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते आधीच पाहून ठेवा. मेम्ब्रेन गोठलंच तर गरम पाणी ओतू नका आणि मशीन सुरू करू नका. खोलीच्या उबेत आपोआप वितळू द्या, मग चाचणी घ्या आणि पर्मिएटमध्ये साखर बघा.

एप्रिलनंतरचं आता. शेवटचा साबण, ॲसिड, पाणी, आणि अखेरची चाचणी लिहून झाली की मेम्ब्रेन बाहेर काढा. ते ओलं राहिलं पाहिजे, गोठता कामा नये आणि त्यात काही उगवता कामा नये. विक्रेत्याकडून मिळणाऱ्या झाकणाच्या नळकांड्यात मेम्ब्रेन उभं ठेवा, पर्मिएटमध्ये १ टक्का खाद्य दर्जाचं सोडियम मेटाबायसल्फाइट, लिटरला १० ग्रॅम, विरघळवून काठोकाठ भरा. हवा राहिली तर द्रावण लवकर निकामी होऊन आंबट होत जातं. महिन्या-दोन महिन्यांनी पीएच बघा, ३ च्या खाली गेला की द्रावण बदला. हे काम मोकळ्या हवेत करा, त्याचा वास नाकाला झोंबतो. दम्याचा त्रास असलेल्याने तर करूच नये. सायट्रिक ॲसिड त्यात मिसळू नका, गंधकाचा विषारी वायू निघतो. तळघरात, उन्हापासून दूर, गोठणार नाही अशा जागी ठेवा. पुढच्या हंगामात लावल्यावर पर्मिएटने भरपूर धुवा. आधीचं उरलेलं नसेल तर क्लोरीन नसलेलं, लोह नसलेलं पाणी शोधावं लागेल. पहिल्या तासाभराचं पर्मिएट साठवू नका, सोडून द्या.

काही विक्रेते उन्हाळ्यात मेम्ब्रेन धुऊन, तपासून, आकडा लिहून परत देतात. तुमच्यासारख्या पहिल्या-दुसऱ्या हंगामातल्या माणसाला मी हेच सुचवीन, दोन मेम्ब्रेनसाठी घरी रसायनं आणून खटाटोप करण्यापेक्षा. तुमच्याकडे मूळ आकडा नाही ना, तो त्यांच्या कागदावर आयता मिळेल. बादलीएवढी छोटी आरओ, ज्यात घरच्या फिल्टरची लहान मेम्ब्रेन असतात, त्यांना हे सगळं करत बसू नका. रोज पर्मिएटने धुवा आणि वेग गेला की मेम्ब्रेन बदला, ती स्वस्त असतात.

तुमची दोन्ही मेम्ब्रेन टाकून द्यायची घाई करू नका. नीट राखलेली मेम्ब्रेन मी दहा हंगाम उलटल्यावरही चांगल्या आकड्यावर चालताना पाहिली आहेत. कसून साबण, मग ॲसिड, मग १३ अंशांवर चाचणी. आकडा मूळच्या ७०–७५ टक्क्यांच्या वर अडकला आणि पर्मिएटमध्ये साखर नसेल तर आणखी एक हंगाम काढता येईल, फक्त रोज तासभर जास्त बसावं लागेल. त्याखाली असेल, किंवा साखर निसटत असेल, तर नवी मागवा. पण ऑक्टोबरमध्ये मागवा. फेब्रुवारीत सगळ्यांनाच मेम्ब्रेन हवं असतं.